कोणीच न गायलेला गंधार

मला गाण्याचा कान नाही, असं मी पंचवीस वर्षं लोकांना सांगत आले. लग्न ठरताना सांगितलं. पुण्याच्या ऑफिसात गणपतीच्या आरतीला कुणी हातात टाळ दिले की सांगितलं. २०११ साली आम्ही वेलिंग्टनला आलो आणि दोन वर्षांनी जॉन्सनव्हिलमधल्या एका लाकडी चर्चच्या दारात उभं राहूनही तेच सांगितलं. तिथे दर शनिवारी दहा-बारा माणसं युरोपातलं फार जुनं गाणं गायची. डेअरीच्या काचेवर लावलेली त्यांची चिठ्ठी मी दूध आणताना वाचली होती. गाणं शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "या देशात निम्मी माणसं हेच सांगत येतात. आत ये आणि दार लाव, वारा येतोय."

मी सांगत होते ते खोटं होतं. माझा कान उत्तम आहे आणि त्याच कानाने मी माझ्या वडिलांना बुडवलं.

वडील मिरजेत तंबोरे करायचे. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका छोट्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. ती घोडी कानशीने हळूहळू घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा आणि तार अशा जागी आणायची की छेडल्यावर ती नुसती वाजून गप्प न होता गुंजत राहील. याला जवारी काढणं म्हणतात. हे काम हाताने होतं, पण ठरतं कानाने. जवारी नीट निघाली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो गंधार कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. तारा असतात पंचमाच्या आणि षड्जाच्या, गंधार आपला आपण येतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, भोपळ्यात कुणीतरी बसलंय.

मी बारावीत होते तेव्हा वडिलांचे कान जायला लागले. वरचे, बारीक आवाज आधी गेले. बोलणं त्यांना ऐकू यायचं, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नव्हता. मला कळलं, कारण ते मला दुकानात बोलावून घ्यायला लागले. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून कान तयार केलेला, हे त्यांना ठाऊक होतं. तार छेडायचे आणि विचारायचे, "बोलतोय का गं?" मी नाही म्हटलं की कानशीचे दोन हात मारायचे आणि पुन्हा विचारायचे. कधी दहा वेळा, कधी पंधरा वेळा. प्रत्येक 'नाही'ला त्यांचा चेहरा थोडा उतरायचा. मला पाच वाजता क्लासला जायचं असायचं. एक दिवस तंबोरा बोलत नव्हता आणि मी 'हो' म्हटलं. क्लासची घाई होती, आणि त्यांची दयाही आली होती. दोन्हीत जास्त काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा असा खुलला की पुढच्या वेळी 'हो' म्हणायला काहीच जड गेलं नाही.

काही महिन्यांनी कोल्हापूरहून एक म्हातारे गवई आले. त्यांनी तंबोरा सतरंजीवर आडवा ठेवला आणि दुकानात बसलेल्या दोघांच्या देखत म्हणाले, "हा मुका आहे." वडिलांनी तार छेडून पाहिली. त्यांना काहीच कळत नव्हतं, हे मला दारातून दिसत होतं. मग ते म्हणाले, "पोरीच्या कानावर विसंबलो. तिला कान नाही, हे मला आधी कळायला हवं होतं." मी चहाचे कप घेऊन उभी होते. त्या क्षणी बोलता आलं असतं. पण खोटारडी ठरण्यापेक्षा बहिरी ठरलेलं बरं, असा हिशोब मी तिथल्या तिथे केला आणि कप खाली ठेवले.

त्या वर्षभरात एकेक तंबोरा परत यायला लागला. वडील ते स्वतः खांद्यावर घेऊन दुसऱ्या कारागिराकडे जायचे आणि जवारी काढून आणायचे. स्वतःच्या दुकानात त्यांनी पुन्हा घोडीला कानस लावली नाही. भोपळे कोरायचे, रंग द्यायचा, नक्षी करायची, एवढंच करत राहिले. माझ्यावर ते कधी चिडले नाहीत. उलट कीव करून त्यांनी मला इंजिनिअरिंगला घातलं. पाहुण्यांना सांगायचे, "हिला सुरातलं कळत नाही, यंत्रातलं कळेल."

यंत्रातलं कळलं. इथे मी एका कंपनीत सर्व्हरचं काम बघते. सर्व्हरची खोली सतत घुमत असते, आणि तिथे एकटी गेले की त्या घुमण्यात मला गंधार ऐकू यायचा. त्याच्यामागून वडील विचारायचे, "बोलतोय का गं?" हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. मी खरोखर मान वळवून बघायचे. घरी हीट पंप लावला की तेच. नवऱ्याला वाटायचं मला गरम हवेचा त्रास होतो, म्हणून तो बिचारा हिवाळ्यातही पंप बंद करायचा आणि आम्ही सगळे स्वेटर घालून जेवायचो. चर्चमधल्या गाण्याला मी गेले ती त्यामुळेच. जे मागे लागलंय त्याला निदान शनिवारी दोन तास जागा द्यावी, असा काहीसा विचार होता.

बाईंची पद्धत वेगळीच होती. त्या आम्हाला हे संगीत ज्या क्रमाने वाढलं त्याच क्रमाने गायला लावायच्या, दर हिवाळ्याला साधारण एक शतक. पहिला हिवाळा आम्ही नुसती एकेरी ओळ गायलो. मठातल्या साधूंची लॅटिन प्रार्थना, सगळ्यांचा एकच सूर, ना ताल ना ठेका, श्वास संपला की ओळ संपली. जुन्या पोथ्यांची चित्रं त्यांनी दाखवली. शब्दांच्या डोक्यावर बारीक खुणा असायच्या, सूर वर जातो की खाली एवढंच त्या सांगायच्या, किती वर ते नाही. "हे लिहिलंय ते आधीच पाठ असणाऱ्यांसाठी," बाई म्हणाल्या, "शिकायचं गुरूच्या तोंडून." बाकीच्यांना हे अजब वाटलं. मला त्यात नवल वाटलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या ओळीखाली पंचमाच्या अंतरावर दुसरी ओळ आली, सावलीसारखी तिच्याबरोबर चालणारी. तिसऱ्या हिवाळ्यात खालचा आवाज थांबला. एकच स्वर इतका लांबवायचा की शब्द विरघळून जावेत, आणि वरच्या आवाजाने त्यावर मोकळं फिरावं. खालचा लांब स्वर बाईंनी मला दिला. तंबोऱ्याचंच काम ते. मी षड्ज धरला आणि धरूनच बसले. दोन मिनिटांनी तो स्वर बदलायचा होता, हे पुढ्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं, पण खालचा सूर हलू शकतो हे माझ्या रक्तातच नव्हतं. सगळे पुढे गेले, मी तिथेच. बाई टाळी वाजवत म्हणाल्या, "तुझा पाया फार पक्का आहे, पण घर पुढच्या गल्लीत गेलंय." पुढे महिनाभर सगळे मला 'पाया' म्हणत होते.

मग चौथ्या वर्षी गंमत झाली. खाली लॅटिन प्रार्थना तशीच चालू, आणि वरच्या दोन आवाजांत चक्क प्रेमाची गाणी. एक पोरगा आपल्या सखीच्या नावाने उसासे टाकतोय, दुसरा वसंत आला म्हणून नाचायला बोलावतोय, आणि तळाशी बिचारी देवाची ओळ. "लोकांना हे चाललं?" एकाने विचारलं. बाई म्हणाल्या, "लोकांना आवडलं. धर्मगुरूंना विचारू नकोस." पुढे तर बाजारातली, दारूच्या गुत्त्यातली चाल घेऊन तिच्यावर अख्खी पूजा बांधायला लागले, असं त्या म्हणाल्या. आमच्या मिरजेतलं भजनी मंडळ सिनेमाच्या चालींवर अभंग म्हणायचं आणि वडील दुकानाची फळी लावून घ्यायचे, ते आठवून मला हसू आलं. घरी मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सो इट्स लाइक अ रीमिक्स." तेवढ्यावर विषय संपला.

एक नियम मात्र बाई कडक पाळायच्या. त्या काळच्या गाण्यात ओळ जिथे थांबते तिथे षड्ज आणि पंचम, बस्स. गंधारावर थांबायचं नाही. तो स्वर तेव्हा अस्थिर मानायचे, विसाव्याच्या जागी चालायचा नाही. त्याला मानाने आत यायला कित्येक पिढ्या लागल्या. मी हे ऐकून घेतलं, पण षड्ज-पंचम खरे लागले की गंधार कुणाला विचारत नाही, हे मला माहीत होतं.

लाकडी चर्चमध्ये तो कधी आला नाही. लाकूड आणि गालिचा सगळं पिऊन टाकायचे. मग मोठा भूकंप झाला, चर्चच्या दारावर 'आत जाऊ नये'चा कागद लागला आणि आम्ही बेघर झालो. बाईंनी ओळखीने टेकडीखालचे युद्धकाळातले बोगदे मिळवले. तोफांसाठी बांधलेलं जाड काँक्रीट, आत दिवसाही दिवे लावावे लागायचे, भिंतींना ओल. आम्ही टोप्या, हातमोजे आणि थर्मास घेऊन जायचो. पहिल्याच शनिवारी आम्ही एका ओळीच्या शेवटी थांबलो आणि आमच्या डोक्यांवर कुणीतरी गायला लागलं. पातळ, स्थिर आवाज. आमच्यापैकी कुणाचंही तोंड त्या सुराला उघडं नव्हतं. मी वर बघितलं. इतर कुणी बघितलं नाही. बाईंनी मला वर बघताना पाहिलं.

नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुला तो ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "मी त्याला पाहुणा म्हणते. मी पंचविशीत एका दगडी चर्चमध्ये पहिल्यांदा ऐकला. तीन वर्षं झाली, आता मला येत नाही. माझे वरचे आवाज गेले." त्यांनी केस मागे करून कानातलं यंत्र दाखवलं. गाताना ते शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवायच्या. "यापुढे तू मला सांगायचं. पाहुणा आला म्हणजे सूर खरे. नाही आला तर नाहीत."

इतक्या लांब, जगाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पोटात, कुणीतरी मला पुन्हा तेच काम दिलं होतं. मी मानेने हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

पुढच्या शनिवारी आम्ही ती ओळ गायलो. बाईंनी हात वर धरून ठेवला आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. पाहुणा आला नव्हता. माझं तोंड मला न विचारता 'हो' म्हणालं. बाई खुलल्या, पान उलटलं, पुढे गेल्या. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होते ते सगळं पोकळ होतं. तेव्हा मी लहान होते, क्लासची घाई होती, हे काही खरं कारण नव्हतं. आता मी चाळिशी ओलांडलेली बाई होते आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

तो आठवडा वाईट गेला. ऑफिसात मी सर्व्हरच्या खोलीत जायचं टाळलं, दुसऱ्याला पाठवलं. शनिवारी पुन्हा तीच ओळ, पुन्हा बाईंचा वर धरलेला हात. मी म्हटलं, "नाही." आवाज बोगद्यात दोनदा फिरून आला.

बाईंचा चेहरा उतरला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "कुठे कमी आहे?"

"पंचम खाली आहे. उजवीकडचे दोघं."

त्यांनी त्या दोघांना माझ्याजवळ आणून उभं केलं आणि माझा स्वर ऐकत गायला सांगितलं. पुन्हा नाही. एकाला एक पाऊल मागे घेतलं. पुन्हा नाही. चौथ्या वेळी पाहुणा आला. मी सांगितलं, त्यांनी पेन्सिलने कागदावर खूण केली. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील. मी हातमोज्याने डोळे पुसत होते आणि थंडीने नाक वाहतंय असं दाखवत होते. 'नाही' म्हटल्यावर आकाश कोसळतं, अशी माझी समजूत होती. काम फक्त पुढे चालू झालं होतं. वडिलांनीही कानशीचे आणखी चार हात मारले असते, एवढंच.

चहाच्या वेळी मी बाईंना सांगितलं की गेल्या आठवड्यातलं 'हो' खोटं होतं. त्या थोडा वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं पुन्हा करू नकोस. मला विचारायला दुसरं कुणी नाही." त्यात राग होता, आणि तो मला मिळायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दर रविवारी दुपारी आम्ही मिरजेला व्हिडिओ कॉल करतो, तिथे तेव्हा सकाळ असते. वडील अठ्ठ्याहत्तरचे, आता पूर्ण बहिरे. यंत्र लावून घेत नाहीत. भाऊ फोन धरतो, मी बागेतली लिंबं दाखवते, ते चहाचा कप दाखवतात, हात हलवतात, झालं. त्या दिवशी मी मुलीची चित्रांची वही आणि जाड पेन घेतलं. ती शेजारीच उभी होती. "आई, व्हॉट्स दॅट फॉर?" मी म्हटलं, आजोबांना दाखवायचंय. तिला मराठी कळतं पण वाचता येत नाही, म्हणून तिच्यासमोर लिहायला लाज वाटली नाही. मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'तेव्हा मला ऐकू येत होतं. मी खोटं हो म्हणत होते.'

कागद कॅमेऱ्यासमोर धरला तर माझ्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसायला लागली. त्यांनाही तशीच दिसत असतील की काय, म्हणून मी घाबरले. पण त्यांनी चष्मा लावला, फोन भावाच्या हातातून घेतला आणि मोठ्याने वाचलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, साऱ्या घराने ते ऐकलं असणार. भावाचा चेहरा कडेने डोकावला आणि बाजूला झाला.

वडील कागदाकडे बघत राहिले. मी काय काय उत्तरं तयार ठेवली होती. ते रडले तर, शिव्या दिल्या तर, जाऊ दे म्हणाले तर.

ते म्हणाले, "किती तंबोरे?"

मी पान उलटून लिहिलं : नऊ. मला प्रत्येक आठवत होता.

त्यांनी बोटांवर मोजलं. "आठ परत आले," ते म्हणाले. "नीट करून दिले. नववा कुणाचा?"

मी लिहिलं, निपाणीहून एक मुलगी आली होती, माझ्याच वयाची. एसटीने. तंबोरा गोधडीत गुंडाळून नेला. न्यायच्या आधी दुकानात बसून तिने सूर लावून पाहिला होता, तो लागेना, तशी हसून म्हणाली होती की माझाच आवाज बसलाय. मी तिच्या शेजारी उभी होते. लिहिता लिहिता दोन पानं भरली. मी एकेक पान समोर धरत गेले आणि ते वाचत गेले, या वेळी मनातल्या मनात, ओठ हलवत.

"ती परत आलीच नाही," ते म्हणाले. "तिने तंबोऱ्याला दोष दिलाच नसेल. गळ्याला दिला असेल. गाणं सोडलं असेल तिने." मी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत मी फक्त दोन माणसांचं नुकसान मोजलं होतं, त्यांचं आणि माझं.

"खाली काय बघतेस? मी सोमवारी याला निपाणीला पाठवतो," त्यांनी भावाकडे बोट दाखवलं. "घर शोधेल. आडनाव काय तिचं?"

मुलीने मला कोरं पान काढून दिलं. मी पेन हातात धरून बसले. तिची ओढणी आठवत होती, गोधडीचा रंग आठवत होता, ती हसली ते आठवत होतं. वडील तिकडे चष्मा सावरून वाट बघत होते.

शेवटी मी लिहिलं, 'मी विचारलंच नव्हतं,' आणि कागद वर धरला.